कार्टून बघून पोरं ‘तशी’ होतात का?

पोस्ट लांब आहे. रात्रीची जेवणं उरकली की निवांत वाचा, आणि कमेंटमध्ये तुटून पडायचं असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून मग पडा.

२०२५च्या ऑक्टोबरात आमच्या राजोडी-आगाशी-अर्नाळा पट्ट्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. ‘सावधान! तुमच्या मुलांच्या कार्टूनमध्ये समलिंगी प्रचार घुसवलाय. आजच नेटफ्लिक्स बंद करा. दहा जणांना पाठवा.’ मला तो तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला, तिन्हीकडे शुद्धलेखनाच्या त्याच चुका. खाली हात जोडलेले इमोजी, रागाचे इमोजी, आणि ‘कुठे चाललाय आपला समाज’.

डिप्लोमाच्या वर्गात आमच्या सरांनी एक गोष्ट घोटून घेतली होती. आधी काय घडलं ते लिहा, कोणाला काय वाटलं ते नंतर. म्हणून आधी काय घडलं ते सांगतो.

अमेरिकेत इलॉन मस्क यांनी त्या महिन्याच्या सुरुवातीला आपल्या करोडो फॉलोअर्सना नेटफ्लिक्स बंद करायला सांगितलं. निमित्त होतं ‘डेड एंड: पॅरानॉर्मल पार्क’ नावाची अॅनिमेशन मालिका. हॅमिश स्टील यांची, त्यांच्याच चित्रकादंबऱ्यांवरून केलेली. भुताटकी असलेल्या एका करमणूक पार्कात नोकरी करणारी दोन पोरं, बार्नी आणि नॉर्मा. नॉर्मा पाकिस्तानी वंशाची. बार्नी ट्रान्स मुलगा आहे आणि त्याला लॉग्स नावाचा एक मुलगा आवडतो. एवढंच. मालिकेचे दोन सीझन २०२२ मध्ये आले आणि जानेवारी २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने ती बंद केली.

म्हणजे जी मालिका बंद होऊन पावणेतीन वर्षं झाली होती, आणि जी आमच्या गावात एकाही पोराने बघितलेली मला तरी सापडली नाही, तिच्यामुळे आमचा समाज बुडत होता. आमच्याकडे किती घरांत नेटफ्लिक्स आहे? आमच्या पोरांचं जग म्हणजे डोरेमॉन, शिनचॅन, मोटू-पतलू, छोटा भीम, ऑगी, आणि बापाच्या मोबाईलवरचं यूट्यूब, तेसुद्धा नेटपॅक संपेपर्यंत.

तरी मेसेज धडाधड पुढे गेला. भीती खरी होती, ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पोरगं कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलंय, काय बघतंय कळत नाही, हाक मारली तर ‘हो’ म्हणतं आणि उठत नाही. हे माझ्याही घरी आहे. त्या भीतीला कुणीतरी एक नाव दिलं आणि ते आपण घेतलं. म्हणून म्हटलं, या नावामागे नक्की काय आहे ते बघू.

*

मुलांच्या कार्टूनमध्ये समलिंगी प्रेम म्हणजे काय दाखवतात? मेसेज वाचून वाटेल काहीतरी भयंकर. मी शोधून शोधून जे बघितलं ते असं आहे.

‘द लेजंड ऑफ कोरा’. डिसेंबर २०१४ मधला शेवटचा भाग. कोरा आणि असामी या दोन तरुणी एकमेकींचे हात धरतात, एकमेकींकडे बघतात, मालिका संपते. ते प्रेम आहे की मैत्री यावर इतका वाद झाला की शेवटी निर्मात्यांना लिहून सांगावं लागलं, हो, प्रेमच आहे. ‘स्टीव्हन युनिव्हर्स’, जुलै २०१८. रुबी आणि सफायर यांचं लग्न होतं. ही मालिका करणाऱ्या रिबेका शुगर स्वतः क्वीअर आहेत आणि आपल्या लहानपणी आपल्यासारखं कुणी कार्टूनमध्ये नव्हतं, हे त्यांनी अनेकदा सांगितलंय. त्याच वर्षी ‘अॅडव्हेंचर टाइम’च्या शेवटच्या भागात दोन नायिकांचं एक चुंबन, डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत संपणारं. २०२० मध्ये ‘शी-रा’ आणि ‘द आउल हाउस’.

आणि माझं सगळ्यात आवडतं, ‘आर्थर’. अमेरिकेतल्या, तेव्हा सरकारी मदतीवर चालणाऱ्या वाहिनीची, अगदी छोट्यांची, कितीतरी वर्षं चाललेली मालिका. मे २०१९ मधला भाग. वर्गशिक्षक रॅटबर्न सरांचं लग्न ठरलंय एवढंच पोरांना कळतं. होणारी बायको फार कडक असेल, मग सर आणखी गृहपाठ देतील, या काळजीने पोरं लग्न मोडायच्या मागे लागतात. शेवटी लग्नात कळतं की सर पॅट्रिक नावाच्या, चॉकलेट बनवणाऱ्या एका पुरुषाशी लग्न करतायत. त्यावर पोरांना काहीच वाटत नाही. त्यांना धक्का बसतो तो सरांना नाचताना बघून. शिक्षकांनी नाचू नये, यावर त्यांचं एकमत होतं.

हा भाग अलाबामा राज्याच्या सरकारी वाहिनीने दाखवलाच नाही. त्याआधी, २०१७ मध्ये, केनियाच्या फिल्म मंडळाने ‘कोरा’, ‘स्टीव्हन युनिव्हर्स’, ‘अॅडव्हेंचर टाइम’ अशा सहा मालिकांवर एकदम बंदी घातली होती. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात, जपानी ‘सेलर मून’चं इंग्रजी डबिंग करताना झोइसाइट नावाच्या पुरुष पात्राला सरळ बाईचा आवाज देऊन बाई करून टाकलं, कारण त्याचं दुसऱ्या पुरुषावर प्रेम होतं. पुढे हारुका आणि मिचिरू या प्रेमात असलेल्या दोघींना चुलत बहिणी केलं. आता त्या बहिणी पडद्यावर एकमेकींकडे ज्या नजरेने बघायच्या ते बघून पोरं आणखीनच गोंधळली असतील. २०१४ पासून नव्याने डबिंग झालं तेव्हा त्या दोघींना त्यांचं खरं नातं परत मिळालं.

आणि ‘जगभरातल्या कंपन्या हे मुलांवर लादतायत’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. डिसेंबर २०२४ मध्ये डिस्नेने आपल्या ‘विन ऑर लूज’ मालिकेतून एका ट्रान्स मुलीच्या कथानकाचा भाग काढून टाकला. अशा विषयांवर मुलांशी कधी बोलायचं ते पालकांना ठरवू दे, असं कारण दिलं. ‘आउल हाउस’चा तिसरा सीझन तीन लांब भागांत उरकावा लागला. लादणारे इतक्या चटकन मागे हटत नसतात.

*

आता आपल्याकडे या.

कार्टून म्हणजे निरागस, त्यात प्रेमबिम कशाला, असं एक काकू मला बाजारात म्हणाल्या. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. पण मग सगळ्यांनाच लावू. नोबिताचं सगळं आयुष्य शिझुकाशी लग्न होईल की नाही या काळजीत जातं. त्यावर अख्खा सिनेमा निघाला. ऑगीला शेजारची ऑलिव्हिया दिसली की त्याचे डोळे बदामाच्या आकाराचे होतात. शिनचॅन तर पाच वर्षांचा. तो रस्त्यात दिसलेल्या कॉलेजच्या मुलींच्या मागे लागतो आणि आपण बाजूला बसून खो खो हसतो. यातलं काहीच आपल्याला ‘प्रेमबिम’ वाटत नाही. मुलगा मुलीच्या मागे लागला की ती निरागस गंमत. दोन मुलींनी हात धरला की प्रचार.

२००८ मध्ये केंद्र सरकारने ‘शिनचॅन’ बंद केलं होतं, आठवतंय? कारण होतं त्याचा उद्धटपणा आणि वाह्यातपणा. नंतर काटछाट होऊन तो परत आला. केबल टीव्हीचे आपले नियम १९९४चे आहेत. मुलांच्या कार्यक्रमात घाणेरडी भाषा आणि उघड हिंसा नको, आणि मुलं सर्वाधिक संख्येने टीव्ही बघतात त्या वेळेत त्यांना अयोग्य असं काही नको, असं त्यात लिहिलंय. योग्य आहे. ऑनलाइनसाठी २०२१च्या नियमांनी सात, तेरा, सोळा वर्षं अशा वयाच्या पायऱ्या केल्या आणि तेरा-प्लस आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना पालकांचं कुलूप घालण्याची सोय सक्तीची केली. ते कुलूप कसं लावायचं हे ज्यांना माहीत नाही त्यांनी मला इनबॉक्स करा, पाच मिनिटांचं काम आहे. फॉरवर्ड करण्यापेक्षा ते उपयोगी.

आणि ज्यांना वाटतं हे सगळं इंग्रजीत आहे, आपल्या मराठी पोरांपर्यंत पोचतच नाही, त्यांच्यासाठी: जून २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन: अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठी होती. पवित्र प्रभाकर नावाचा आपल्याकडचा स्पायडर-मॅन असल्यामुळे पोरं खूश होती. त्या सिनेमात ग्वेनच्या खोलीत दारावर ट्रान्स मुलांचं रक्षण करा, अशा अर्थाचा एक झेंडा क्षणभर दिसतो. संयुक्त अरब अमिरातीत सिनेमा लागला नाही, बातम्यांत त्या झेंड्याचंच कारण आलं. आपल्याकडे लागला, पोरं पॉपकॉर्न खाऊन घरी आली. कुठल्या ग्रुपवर मेसेज आला नव्हता. कुणाचं काही बिघडलं नाही.

*

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो ते.

गावात पत्रकाराचा उपयोग दोन कामांना होतो. पाणी आलं नाही की, आणि पोलीस ठाण्यात ओळख लागली की. त्या मेसेजच्याच आठवड्यात रात्री अकराला मला फोन आला. पोरगा घरी नाही. वय सोळा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहितोय.

घरात काय झालं ते वडिलांनी तुटक तुटक सांगितलं. आईने तो मेसेज वाचला. पोराचा मोबाईल तपासला. यूट्यूबच्या हिस्टरीत त्या रॅटबर्न सरांच्या लग्नाची क्लिप सापडली, एकदा नव्हे, खूप वेळा बघितलेली. मग आरडाओरडा. मोबाईल काढून घेतला. काका बोलावले. काकाने दोन लगावल्या. पहाटे पोरगा विरारला जाऊन चर्चगेटच्या गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दादरला सापडला. पुलाखाली बसला होता. मी आणि त्याचा मामा आणायला गेलो. मामा तिकीट काढायला गेला तेवढ्यात मी वडापाव घेतला आणि त्याच्या हातात दिला. काही विचारलं नाही. दोन घास खाल्ल्यावर तो स्वतःच बोलला.

‘काका, घरचे म्हणतात ते बघून मी असा झालो. मी पाचवीत होतो तेव्हापासून मला पोरं काय काय बोलतात तुम्हाला माहितीये. तेव्हा माझ्याकडे मोबाईल पण नव्हता.’

मग थोड्या वेळाने: ‘मला वाटायचं हे फक्त शिव्यांमध्येच असतं. त्याच्यात सरांचं लग्न होतं आणि पोरं हसतात ती त्यांच्या नाचण्यावर.’

मी वीसेक वर्षं बातम्या लिहितोय. अपघात, निवडणुका, वाळूउपसा, पाणीटंचाई. माणसं माझ्याशी बरंच काही बोलतात. पण ‘हे फक्त शिव्यांमध्येच असतं’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण ते खरं आहे. आपण आपल्या पोरांना या विषयावर शिव्यांशिवाय काय दिलंय? बायल्या. छक्का. मीठा. गुड. हे शब्द पोरांना कुठल्या अमेरिकन कार्टूनने शिकवले नाहीत. शाळेच्या मैदानात शिकवले, आपल्या गप्पांत शिकवले, आणि हो, आपल्या टीव्हीने शिकवले.

*

मी ‘अशी ही बनवाबनवी’ पाठ असलेल्या पिढीतला आहे. सचिनची सुधा आणि लक्ष्याची पार्वती यांच्यावर आजही तितकाच हसतो. त्या सिनेमात पुरुष साडी नेसतात ते नाइलाजाने, आणि हसू येतं ते पकडले जातील की काय याचं. पण पुढे आपल्या विनोदी कार्यक्रमांनी त्यातलं फक्त साडीच उचलली. पुरुष साडी नेसून आला, हात हलवला, लाजला, की हशा. प्रसंगाची गरजच उरली नाही. घरातलं पोरगं आजी-आजोबांसोबत ते बघतं आणि शिकतं की असं चालणारा, असं बोलणारा मुलगा दिसला की हसायचं असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात तसा मुलगा असतोच.

गंमत म्हणजे हाच आपला महाराष्ट्र. इथे बालगंधर्वांनी साडी नेसली तर घराघरातल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. इथे वारकरी विटेवरच्या विठोबाला माउली म्हणतात, विठाई म्हणतात, आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. इथे प्रत्येक पोराला बृहन्नडा माहीत असते. मी असं म्हणत नाही की विठाई म्हणणं म्हणजे समलिंगी प्रेम. ते वेगळं, हे वेगळं. माझं म्हणणं एवढंच की ‘लहान मुलांना हे झेपणार नाही’ हे खरं नाही. देव बाप पण आहे आणि आई पण, हे ज्या पोराला चार वर्षांचा असताना झेपतं, त्याला रॅटबर्न सरांचं लग्नही झेपेल. झेपत नाही ते आपल्याला.

मराठी मोठ्यांना तर हे झेपायला हवंच. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणलं १९८१ मध्ये. चेतन दातारांचं ‘एक माधवबाग’ एका आईबद्दल आहे, मुलगा समलिंगी आहे हे कळलेल्या आईबद्दल. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू केला. गौरी सावंत यांची, त्यांनी वाढवलेल्या मुलीसोबतची जाहिरात २०१७ मध्ये आली तेव्हा माझ्या घरात सगळ्यांचे डोळे भरले होते. म्हणजे मोठ्यांसाठी नाटक आहे, पुस्तक आहे, जाहिरात आहे. दहा वर्षांच्या पोरासाठी काय आहे? शिवी आहे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र आलं. एक साधं चित्र. त्यावर कितीजण खूश झाले होते! चित्राने पोरांवर परिणाम होतो हे तेव्हा आपण सगळ्यांनी मान्य केलं. बाबा भाजी निवडताना दिसले तर पोराला ते नॉर्मल वाटेल, बरोबर? मग एखादं पोर वेगळं आहे आणि तरी वर्गात त्याच्याशी सगळे खेळतायत, असं चित्र दिसलं तर वाईट परिणाम कसा होईल?

*

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे विचारणार तुम्ही.

त्याला एका शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, ट्रीटमेंटने ठीक होईल, दहा सिटिंग लागतील. फी ऐकून वडिलांनी मला फोन केला, परवडेल का हे विचारायला नाही, तर पैसे उसने कुठे मिळतील हे विचारायला. एका भाजीवाड्यावर आणि केळीच्या चार झाडांवर चालणारं घर आहे ते.

तेव्हा मी त्यांना जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहितो, कारण गावात आणखीही घरं असतील.

समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच ती आजारांच्या यादीतून काढली. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की तिला आजार मानू नका. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने नवतेज सिंग जोहर खटल्यात सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले संबंध ३७७ कलमाच्या बाहेर काढले. आणि ‘सुधारण्याची’ ट्रीटमेंट, म्हणजे ज्याला कन्व्हर्जन थेरपी म्हणतात, ती देणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं नॅशनल मेडिकल कमिशनने ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय. मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर ते झालं. म्हणजे कुणी ‘बरा करतो’ म्हणून पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, तक्रार करायची.

वडिलांनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, ‘तुम्ही शिकलेले.’ पटलं की नाही कळलं नाही. पण सिटिंगला गेले नाहीत.

शाळेचंही सांगतो, नाव घेत नाही. इतर मुलांवर परिणाम होईल, त्याला काही दिवस घरीच ठेवा, असं सांगण्यात आलं. पाचवीपासून त्याला जे बोललं जात होतं त्याचा ‘परिणाम’ कुणी विचारला नव्हता.

आमचं गाव देवळाचंही आहे आणि चर्चचंही. दोन्हीकडचे लोक मला ओळखतात आणि दोन्हीकडून मला ‘आपल्या धर्मात हे बसत नाही’ असं ऐकवलं गेलं. मी धर्माचा जाणकार नाही. पण पोप फ्रान्सिस यांना २०१३ मध्ये विमानात पत्रकारांनी हा प्रश्न विचारला तेव्हा, देवाला शोधणाऱ्या अशा माणसाचा न्याय करणारा मी कोण, असं ते म्हणाले होते. आपण व्हॉट्सअॅपवर न्याय करून मोकळे होतो. आणि सोळा वर्षांच्या पोराला घराबाहेर ढकलायला कुठल्या धर्माने सांगितलंय, ते मला दाखवा, मी ते छापायला घेऊन जातो.

*

माझ्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे. बातम्यांत एक शब्द वर्षानुवर्षं चालत आलाय, ‘अनैसर्गिक’. एखाद्या नराधमाने लहान मुलावर अत्याचार केला की हेडिंग येतं ‘मुलावर अनैसर्गिक अत्याचार’. हे ३७७च्या भाषेतून आलं. परिणाम काय होतो? वाचणाऱ्याच्या डोक्यात लहान मुलावरचा अत्याचार आणि दोन मोठ्या माणसांचं प्रेम एकाच खणात जाऊन पडतं. म्हणून मग रॅटबर्न सर बघितले की आईला भीती वाटते ती अत्याचाराची. अत्याचार तो अत्याचार, मुलगी असो की मुलगा, त्यासाठी २०१२चा पॉक्सो कायदा आहे आणि तो चांगला कडक आहे. जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ३७७ सारखं कलमच नाही. मग तो शब्द बातमीत कशाला? मी ‘बाललैंगिक अत्याचार’ एवढंच लिहितो. तालुक्यातल्या पत्रकार मित्रांनो, तुम्हीही लिहा, डेस्कने बदललं तर भांडा.

बाकी मागणी फार मोठी नाही. उद्या छोट्या भीमच्या ढोलकपूरमध्ये दोन राजपुत्रांचं लग्न लावा, असं मी म्हणत नाहीये. वयाप्रमाणे दाखवा, हळू दाखवा, पालकांना कळू द्या. पण निदान तीन गोष्टी तरी व्हाव्यात. मराठीत, हिंदीत डबिंग करणाऱ्यांनी मूळ पात्राचं नातं बदलून त्यांना बहिणी-भाऊ करू नये. विनोदी कार्यक्रमांनी साडीशिवायही हसवता येतं का ते बघावं, आपले लेखक तेवढे हुशार आहेत. आणि घरी पोराने विचारलं, ‘या दोघी लग्न का करतात?’ तर चॅनेल बदलण्याऐवजी सांगावं, ‘त्यांचं एकमेकींवर प्रेम आहे म्हणून.’ पोरगं ‘बरं’ म्हणेल आणि खायला मागेल. मी माझ्या घरी करून बघितलंय.

आपली भाषा यात आपल्याला मदत करते, तिचा उपयोग करू. इंग्रजीत ‘ही’ की ‘शी’ यावर एवढे वाद चालतात. मराठीत मूल हे ‘ते मूल’ असतं. मुलगा की मुलगी हे नंतर. ते मूल रडतंय, ते मूल झोपलंय, ते मूल घाबरलंय. घाबरलेल्या मुलाला आधी जवळ घ्यायचं असतं, एवढं आपल्या आज्यांना कोणत्याही कोर्टाआधी माहीत होतं.

तो मुलगा आता घरी आहे. दुसरीकडे शिकतो. आई त्याच्याशी बोलते, जेवलास का, कुठे चाललास, एवढंच. वडील कमी बोलतात. काका अजून घरी येत नाहीत, ते बरंच आहे. मोबाईल परत मिळालाय. परवा रस्त्यात भेटला तर म्हणाला, बारावीनंतर अॅनिमेशनचा कोर्स कुठे असतो काका, फी किती असते? मी चौकशी करतोय. कुणाला मुंबईतल्या चांगल्या, परवडणाऱ्या, शक्य असेल तर सरकारी कोर्सची माहिती असेल तर खाली लिहा.

फक्त एक विनंती. तो कोण, कुठल्या आळीतला, हे कुणी विचारू नका. ओळखला असं वाटलं तरी कमेंटमध्ये लिहू नका. तशी कमेंट दिसली की मी ती लगेच काढणार, मग लिहिणारा कितीही जवळचा असो.